मदत हवी आहे : तंटा मिटला, अबोला कसा मिटवायचा?

मंडळी, आमच्या गावात भावकीतल्या दोन घरांचा बांधाचा वाद तंटामुक्त समितीने मिटवला. मोजणी झाली, तडजोडीवर सह्या झाल्या. पण अबोला कायम आहे; लग्नकार्य सोडाच, मयतीलाही एकमेकांच्या दारात जात नाहीत. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यात त्याचे कुटुंब आणि ज्याला झळ बसली तो समोरासमोर बसतात, झळ बसलेल्याचं ऐकलं जातं, भरपाई मिळून ठरते. असं आपल्याकडे गावात कुणी करून पाहिलंय का? आधी दोन्ही घरांना वेगवेगळं भेटावं का? बायकांना बोलतं कसं करायचं? सगळ्यात जास्त सोसलंय त्यांनीच. आणि मध्ये बसणारा माणूस गावातला असावा की बाहेरचा? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.