मदत हवी आहे: विट्याकडची मुलगी तमिळनाडूत अडकली आहे, दोन्ही टोकं जोडायची कशी?

बचतगटाची_ताई
तातडीचं आहे. इथल्या ठाण्यात गेलो तर 'गुन्हा तिकडं घडलाय, तिकडं जा' म्हणाले. तिकडं ओळखीचं कुणी नाही. गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्यांच्या, घरातली यंदाची ही तिसरी. आधीच्या दोघी पंजाब आणि बंगालला होत्या. दर वेळी शून्यापासून सुरुवात, दर वेळी नवे फोन नंबर. आमच्या भागातली माणसं देशभर सोनं गाळायला पसरलीत, मग त्यांच्या बायकांसाठी काम करणारी माणसं एकमेकांना का जोडलेली नाहीत? कुणी असं जाळं बांधलं असेल तर सांगा. लवकर.

कृष्णाकाठ
अडकली म्हणजे नेमकं काय? कोंडलंय का? मुलं आहेत? आणि मुख्य म्हणजे, तिला यायचंय का?

बचतगटाची_ताई
दोन मुलं. फोन नवऱ्याच्या ताब्यात. तो भट्टीवर गेला की शेजारणीच्या फोनवरून आईला लावते. 'कांदा महाग झालाय' म्हणाली की मारलंय, असं मायलेकींनी ठरवलंय. काल तीनदा म्हणाली. दिवाळीत आली तेव्हा मनगटावर डाग होता, ॲसिड उडालं म्हणाली. ती कधी भट्टीपाशी जातच नाही. तिला यायचंय का, ते मात्र स्पष्ट विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ
ताई, तो शब्द इथं लिहायला नको होता. आजच बदला. शहराचं नावही टाकू नका.

कोर्टाची_पायरी
ठाण्यात सांगितलं ते चूक आहे. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवून तिकडच्या ठाण्याला पाठवावीच लागते. ती माहेरी निघून आली तर छळाची फिर्याद इथंही होते, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिलाय. तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २७ वाचा. बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडंही अर्ज चालतो आणि आदेश भारतभर लागू होतो. वकिलाचा खर्च नको, विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. हेल्पलाइन १५१००.

खानापूरकर
कायदा नंतर. त्या शहरात आपलेच वडीलधारे दुकानदार असतील. चारचौघांत बसवून समज द्या, संसार वाचेल.

सांगलीची_लेक
दादा, माझ्या मावसबहिणीला अशाच बैठकीतून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ती दवाखान्यातूनच घरी आली. बैठकीला बसणारे सगळे त्याच्याच धंद्यातले, तिच्या बाजूनं कोण बोलणार?

खानापूरकर
तुमचं दुःख समजतं. पण तिला तमिळ येत नसेल तर पोलिसांशी तरी कोण बोलणार? मराठी समजणारं तिथं आपलंच माणूस ना?

शेतकरी_मिरज
तिच्या वडिलांची जमीन आहे का? महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं की बाई घाबरत नाही. आधी तलाठ्याकडं जा.

बचतगटाची_ताई
भाऊ, ती अजून घराबाहेर पडलेली नाही.
खानापूरकर दादा, भाषेचं मात्र खरं बोललात. आमचं घोडं तिथंच अडलंय. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावला तर बोलणारी इथलीच.

कोईमतूरला_मराठी
मी १४ वर्षं इकडं आहे. तमिळनाडूत १९९२ पासून फक्त महिलांची पोलीस ठाणी आहेत, तिथं बाईलाच बाई भेटते. जीवावर बेतलं तर ११२. सखी केंद्रात, म्हणजे छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, काही दिवस मुलांसह राहताही येतं. फोनवर दुभाषी म्हणून मी थांबेन, गरज पडली तर माझी बायको सोबत जाईल. शहर व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा.

समाजकार्य_९८
जाळ्याबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्न तोच होता. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेतच बसलेल्या समाजकार्यकर्त्या, हे त्याचं वेगळेपण. आता तो राज्यभर आहे, इतर राज्यांनीही उचललाय. ताई, तुमच्या जिल्ह्याच्या कक्षातून तिकडच्या कक्षाला किंवा सखी केंद्राला लेखी पत्र जाऊ द्या. तोंडी निरोप हरवतो, पत्राला जावक क्रमांक असतो. आणि तिन्ही केसमध्ये ज्यांनी फोन उचलला त्यांची नावं एका वहीत लिहा. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांची चळवळ गावोगाव फिरून, बाईला बाई जोडतच उभी केली होती.

खानापूरकर
बैठकीचं राहू दे. माझा चुलता लुधियानाला आहे, चुलती हिंदी-पंजाबी दोन्ही बोलते. तिचा नंबर वहीत घ्या, तिला विचारून देतो.

बचतगटाची_ताई
दुपारी शेजारणीचा फोन लागला. यायचंय का, म्हणून सरळ विचारलं. म्हणाली, धाकट्याचं दप्तर कालच भरून ठेवलंय. शब्द बदलला आहे. कोईमतूरकर, व्यनि बघा. उद्या १० वाजता कक्षात जातेय, पत्रात काय काय हवं ते रात्रीत कुणी लिहून देईल का?