मेख्टिल्ड: माहेर, दोन संसार आणि पुस्तके

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या वाचक मंडळात मेख्टिल्ड (१४१९–१४८२) या जर्मन सरदारकन्येवर बोलायचे आहे. बहुतेक ठिकाणी ‘एबरहार्डची (दक्षिण जर्मनीतील व्यूर्टेमबर्गचा पहिला ड्यूक) आई’ एवढीच तिची ओळख दिसते. कृपया अधिक सांगावे.

उत्तर (मालवण): तिचे माहेर हायडेलबर्गचे, वडील लुडविग तिसरे हे राजा निवडण्याचा मान असलेल्या मोजक्या अधिपतींपैकी एक. तिचे पहिले पती, व्यूर्टेमबर्गचे काउंट लुडविग, १४५० मध्ये वारले, तेव्हा मुलगा एबरहार्ड पाच वर्षांचाही नव्हता. १४५२ मध्ये तिने ऑस्ट्रियाच्या आल्ब्रेख्त सहाव्याशी दुसरे लग्न केले आणि १४६३ मध्ये तोही गेला. पुढे नेकार नदीकाठच्या रोटेनबुर्गला तिने कवी आणि विद्वानांचा राबता असलेला दरबार सांभाळला. दुसऱ्या पतीने १४५७ मध्ये फ्रायबुर्गचे, तर मुलाने १४७७ मध्ये ट्यूबिंगेनचे विद्यापीठ स्थापले. दोन्हींमागे तिची प्रेरणा होती, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (देवगड): तिच्या ग्रंथसंग्रहाकडेही पाहावे. १४६२ मध्ये प्यूटेरिख या बव्हेरियन सरदाराने तिला पद्यात पत्र लिहून पुस्तकांची चर्चा केली. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून आमच्या आजी कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवत असत. त्यामुळे हाताने लिहिलेल्या एकेका पोथीचे मोल मला चांगले उमगते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तिचे दफन कुठे झाले?

उत्तर (मालवण): ग्यूटरश्टाइनच्या मठात, पहिल्या पतीशेजारी. सोळाव्या शतकात दोघांचे अवशेष ट्यूबिंगेनच्या चर्चमध्ये हलवले. तिथे तिची दगडात कोरलेली आकृती आजही आहे.