७एने फोड, २बीने मनगट: माझ्या हाताला ड्रमची काडी कुठली?

बोरीकाठचा_ठेका

मंडळी, जरा लांबण लावतो, कारण दुखणं एक नाही, तीन आहेत.

मी अमळनेर तालुक्यातला, वय २४. घरी कापूस आणि थोडा मका. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवतो. त्याआधी सहा वर्षं वडिलांबरोबर बँडमध्ये साईड ड्रम, गळ्यात पट्टा अडकवून नवरदेवाच्या घोड्यापुढे. तिथे काडी निवडायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पेटीत शिसवाच्या जाड काड्या पडलेल्या असायच्या, हाताला लागतील त्या दोन उचलायच्या. दोन्ही एकाच जोडीतल्या असतील याचीही खात्री नाही.

सेटवर बसलो तेव्हा मोबाईलवर एका मास्तरचा व्हिडिओ पाहिला. हलकी काडी घ्या, वेग येतो, असं तो म्हणाला. म्हणून ७ए मापाची, म्हणजे बारीक काडी मागवली. वेग आला, खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडची हळद म्हणजे रात्री नऊला सुरू आणि एकच्या आत सोडत नाहीत. अकरा वाजले की उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आणि करंगळीकडची दोन बोटं आखडलेली. मग तिरीमिरीत दुकानातली सगळ्यात जाड ती २बी उचलली. फोड बसला, पण मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर दांडा मारता येईना.

तिसरं म्हणजे काड्या मोडतात. टोकापासून चार बोटं खाली आधी कुसं निघतात आणि मग तिथेच तुकडा पडतो. महिन्याला दोन जोड्या जातात. बिननावाच्या स्वस्त घेतल्या तर एका लग्नात.

हात मोठे आहेत. वीत मोजली, साडेनऊ इंच भरली. जोडीला हजारभर रुपये घालायची तयारी आहे, पण परत चुकीची घ्यायची नाही. वडिलांना विचारलं तर चहा फुंकत म्हणाले, "हात तुना शे का काडीना शे?" आता यावर काय बोलणार?

केळीपट्टा_रावेर

५ए घे, डोळे झाकून. सगळे तीच वाजवतात. विषय संपला.

भुसावळचा_फिटर

रावेरवाले, विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झाला.

मी लोको शेडमध्ये फिटर होतो, आता निवृत्त. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो, अजूनही कोणी बोलावलं तर जातो. काडी दिसली की माझा हात आधी जाडी मोजायच्या व्हर्नियरकडे जातो. बायको हसते. हसू दे.

पोरा, तुझ्या वडिलांनी जे एका ओळीत सांगितलं तेच मी पाल्हाळ लावून सांगणार आहे. शेडमध्ये नवीन अप्रेंटिस आला की हातोडी मुंडक्याजवळ धरायचा आणि मुठीत आवळायचा. संध्याकाळी हात पुढे करून दाखवायचा, फोड बरोब्बर तुझ्याच जागी. हातोडी जड असते म्हणून नाही, दांडा निसटेल या भीतीने हात दाबत राहतो म्हणून. तुझं ७एचं तेच झालंय. साडेनऊ इंची विताच्या मुठीत ती काडी म्हणजे रांजणात पळी. मुठीत पोकळी राहते, ती भरायला बोटं दाबतात, आणि चार तास दाबल्यावर आखडणार नाहीत तर काय करतील? २बीने मूठ भरली म्हणून फोड बसला, पण वजन एवढं वाढलं की दर ठोक्याला ती उचलायचं काम मनगटावर आलं.

आता माप. माझ्याकडे विक फर्थ कंपनीच्या चार जोड्या आहेत: ७ए जाडीला १३.७ मिलिमीटर, ५ए १४.४, ५बी १५.१, २बी १६. म्हणजे तू या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलास, ते सगळं अंतर अडीच मिलिमीटरसुद्धा नाही! पण हे ज्याने बेअरिंग बसवलंय त्याला विचार, अडीच मिलिमीटर म्हणजे मैलभर. लांबीही बदलते. ७ए साडेपंधरा इंच, मधल्या दोन्ही सोळा, २बी सव्वासोळा. दुसऱ्या कंपनीची ५ए याच मापाची निघेल असं धरून चालू नकोस, आकड्याला कुठला सरकारी शिक्का नाही. आकडा मोठा तर काडी बारीक, एवढंच साधारण खरं.

अक्षरांची गोष्ट तुझ्यासाठीच आहे. जुन्या काळी ए म्हणजे ऑर्केस्ट्राची काडी, बी म्हणजे बँडची, एस म्हणजे रस्त्यावरच्या मिरवणुकीची. ऑर्केस्ट्राला ओ का नाही, तर छापल्यावर ए देखणा दिसतो म्हणून, असं सांगतात. तू बँडमधून ऑर्केस्ट्रात आलास, हात मात्र अजून बीचाच आहे. म्हणून माझं मत ५बी, हिकरी लाकडाची. ५ए वाईट नाही, पण तुझ्या मुठीला ती अर्धवट पडेल.

हिकरी का? आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा किंवा बाभूळ बघतात, अमेरिकेत हातोडीला आणि कुऱ्हाडीला हिकरी लावतात. हादरा लाकूडच पिऊन टाकतं, कोपरापर्यंत पोचू देत नाही. मेपल हलकं असतं, जाडी हवी पण वजन नको अशाला चांगलं, पण तुझ्या हाताखाली लवकर झिजेल. ओक दमदार आणि टिकाऊ, मात्र हादरा हातात देतो. तुझं मनगट आधीच बोलतंय, ओकच्या वाटेला जाऊ नकोस.

दुकानात गेलास की पाकीट फोडून बघू देत नसतील तर उठून ये. काडी काचेच्या काउंटरवर लोळव. वाकडी असेल तर टोक फिरताना नाचतं, लगेच दिसतं. मग लाकडाच्या रेषा बघ. रेषा टोकापासून बुडापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडली असेल तर काडी तिथेच मोडणार, लिहून घे. मग दोन्ही काड्या एकेक करून कपाळाच्या हाडावर किंवा काउंटरवर हलकेच वाजव. एक 'टिक' आणि दुसरी 'टुक' बोलली तर ती जोडी नव्हे, शेजारी आहेत नुसते. माप एक असलं तरी लाकूड कमीजास्त घट्ट असतं, त्यामुळे वजन बदलतं आणि आवाजही. ही कंपनी काढणारा विक फर्थ स्वतः बॉस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे वाजवायचा. १९६०च्या दशकात त्याला बाजारातल्या काड्या पसंत पडेनात, म्हणून हाताने आकार काढून लाकूड कातणाऱ्याकडून बनवून घेतल्या. धंदा तिथून सुरू झाला. असल्या माणसाला मी मनातल्या मनात फिटरच म्हणतो.

मोडण्याचं. टोकापासून चार बोटं खाली म्हणजे खांदा, जिथे काडी निमुळती व्हायला लागते. ती जागा हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या दोन झांजांच्या, कडेवर आपटतेय. मांडवात सेट कोण लावतं? साउंडवाला. तो हॅट त्याच्या उंचीने लावतो आणि झांजांचे पेच हाताला जोर असेल तेवढे आवळतो. तू जाऊन हॅट दोन बोटं खाली घे, क्रॅश झांजेचा पेच ढिला कर, झांज डुलली पाहिजे. आणि क्रॅशवर सरळ कुऱ्हाड घालू नकोस, ओझरता मार, भाकरी उलटताना हात जसा बाजूला निघतो तसा. बँडमध्ये आपल्याला मारायची सवय लागलेली असते, कारण पुढे पन्नास माणसं नाचत असतात आणि मागे जनरेटर. इथे माइक आहे.

राहिली पकड. काडी बुडापासून साधारण एक तृतीयांशावर धर, अंगठा आणि पहिल्या बोटात, बाकीची बोटं नुसती टेकव. टायरचा तुकडा फळीवर खिळ्यांनी ठोक, त्यावर एकच ठोका टाक आणि काडी आपोआप किती वेळा उसळते ते मोज. मग अर्धा इंच मागे-पुढे सरकव. एका जागी ती सगळ्यात जास्त उसळेल. तिथे पेन्सिलने खूण कर. नवीन काडी घेताना मी आजही हेच करतो, आणि खुणेची जागा दर काडीला थोडी वेगळी निघते.

धुळ्याची_ताशेवाली

काकांचं बरंचसं पटलं, पण मोठा हात म्हणून जाड काडी एवढं सरळ नसतं हो. माझंच बघा. माझी वीत सात इंच. सगळ्यांनी सांगितलं, ताई, तुम्हाला ७एच. दोन वर्षं वाजवली. हात लहान म्हणजे बहुतेकदा दंडही आखूड, आणि काडीही अर्धा इंच आखूड, मग राइड झांजेपर्यंत पोचायला मी प्रत्येक वेळी खांदा पुढे काढायचे. दुखणं हातात नव्हतं, पाठीत होतं. आता मेपलची ५ए वाजवते. लांबी मिळाली, वजन वाढलं नाही. तेव्हा भाऊ, ५बी घ्याच, पण आरशासमोर बसून खांदे कुठे जातात तेही बघा.

मी गणपतीत पथकात ताशा वाजवते. ताशाची वेताची काडी आणि ही काडी यांचं गणितच उलटं. वेत लवतो आणि उसळी स्वतः देतो. सेटची काडी लवत नाही, तिथे उसळी चामड्याची असते, म्हणजे आता प्लॅस्टिकची. गणपतीनंतर पहिले आठ दिवस माझी सेटवरची पकड बिघडलेलीच असते. तुम्ही साईड ड्रमवरून आलात, पट्टा गळ्यात असताना ड्रम तिरका असतो आणि डावा हात पालथा नाही, उताणा. तो डावा अजून तसाच वळतोय का बघा. फोड उजव्याला आहे म्हणता, म्हणजे बहुधा उजवा दोघांचं काम करतोय.

दोन बारीक गोष्टी. ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅडही, म्हणजे विजेवरचे पॅड, वाजवत असाल तर लाकडी टोक फाटलं की त्याच काडीने वाजवू नका, पॅड खरवडतात. नायलॉनच्या टोकाची एक जोडी वेगळी ठेवा. झांजेवर ती टणक आणि चकचकीत वाजते. मला नाही आवडत, पण मांडवात लांबपर्यंत ऐकू जाते. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा व्हार्निशवर घाम म्हणजे साबणाची वडी. धरायची जागा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून व्हार्निश उतरवा. फोड अर्धा तिथेच जाईल.

भुसावळचा_फिटर

ताई, उताण्या हाताचं माझ्या ध्यानातच आलं नाही. बरोबर पकडलंत. नायलॉनवरून आठवलं, ते टोक १९५८ साली अमेरिकेत जो कलाटो नावाच्या ड्रमरने काढलं. लाकडी टोकं झिजतात म्हणून वैतागला होता. वैतागलेल्या माणसांनीच हा सगळा धंदा उभा केलेला दिसतो.

पोरा, रॅकेटची ग्रिप गुंडाळायचा मोह होईल. नको. बुडाला वजन वाढतं आणि मग ती पेन्सिलची खूण परत शोधावी लागते.

बोरीकाठचा_ठेका

काका, ताई, रविवारी जळगावला जाऊन आलो.

दुकानदाराने पाकिटं फोडू दिली, पण तोंड असं केलं की मी त्याच्या घरी जेवायला बसून चव सांगतोय. ५बीच्या सहा जोड्या होत्या. लोळवल्यावर दोन बाद. एकीची रेषा मधेच बाहेर, ती बाद. उरलेल्या तिन्ही मला सारख्याच वाजायला लागल्या, कान गोंधळला. मामेभाऊ सराफ बाजारात कारागीर आहे. दुकानदाराकडे पैसे ठेवून तिन्ही जोड्या घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणे, "भो, सोनं संपलं का जळगावातलं?" पण काट्यावर ठेवल्या. पहिल्या जोडीत दोन काड्यांत साडेचार ग्रॅमचा फरक! दुसरीत दोन. तिसरीत काटा अर्ध्या ग्रॅमवर थांबला. ती घेतली. मामेभावाने सवयीने पावती करायला घेतली होती.

बुधवारी चोपड्याकडे हळद होती. हॅट खाली घेतली, साउंडवाल्याशी थोडी वाजली त्यावरून. व्हार्निश आदल्या रात्रीच घासलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले, बोटं मोकळी. फोडाची जागा लाल झाली, पण फुटली नाही. काडीच्या खांद्यावर कुसं आहेत, पण आधीच्या मानाने काहीच नाहीत. ताई, डावा हात तुम्ही म्हणता तस्सा निघाला. व्हिडिओ काढून बघितला, गाणं रंगात आलं की पंजा हळूहळू उताणा होत जातो. तो मोडायला वेळ लागेल, टायरची फळी ठोकलीय ओट्यावर.

२बीची जोडी पडून होती. वडिलांनी उचलली, एक काडी दोन बोटांत तोलून बघितली, शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर एक लांबलचक रोल काढला, आणि साईड ड्रमच्या पिशवीत टाकून दिली. म्हणे, "आते ही काडी शे." मागायची माझी हिंमत नाही.