मदत हवी आहे : अंदमानचे ट्रीहॉपर, ट्रायसेंट्रस की गार्गारा?

नमस्कार मंडळी. बडोद्यात अंदमानच्या ट्रीहॉपरची, म्हणजे शिंगवाल्या तुडतुड्यांची, वर्गवारी चालू आहे. स्क्युटेलम, म्हणजे पंखांच्या बुडांमधला पाठीवरचा त्रिकोणी भाग, उघडं दिसतं, म्हणून उपकुळ सेंट्रोटिने. पाठीवरचा मागचा काटा पंखांना टेकलेला, त्यामुळे लेप्टोसेंट्रस ही प्रजाती (genus) बाद; त्यात तो बुडापासूनच वर उचललेला असतो.

अडलंय ते पुढे, ट्रायसेंट्रस आणि गार्गारा या दोन प्रजातींपैकी एक ठरवताना. माद्यांना खांद्यावर आखूड शिंगं आहेत, नरांना जवळपास नाहीत. ट्रायसेंट्रसचे बिनशिंगी नर थेट गार्गारासारखे दिसतात, म्हणून नुसत्या शिंगांवर प्रजाती ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

सध्या जननांग तपासायला नरांच्या पोटाचं टोक 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, गरम करून, साधारण 10 मिनिटं ठेवतो. मग पाणी, मग ग्लिसरीन. वेळ जास्त झाला की सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच हरवतात. कमी झाला तर स्नायू चिकटून राहतात.

विचारायचं असं : वर्णनात एडिॲगसचं (नराच्या जननेंद्रियाचं) चित्र बाजूनं आणि मागून, दोन्हीकडून काढावं का? एकाच फांदीवरचे नर-मादी एकाच जातीचे धरायला आणखी कोणता पुरावा पुरेसा मानता? आणि पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कार्डावर चिकटवलेल्या नमुन्यांना बुरशी धरते, त्यावर खात्रीचा उपाय कोणता?