झडीतला तितर

"झड लागली की तितर उडत नाही, बांधाला हातानं सापडतो," असं तितर धरण्याबद्दल एका दादांनी लिहिलंय. सापडतो, खरंय. आमच्या अंबाजोगाईकडच्या शिवारात मीही पाहिलंय. पिसं भिजून जड झाली की पाखरू उडण्यापेक्षा कुसळीतून, बोरीच्या जाळीखालून पळत सुटतं.

पण दादा, रंगीत तितर आणि पावसाळी लावा या पाखरांची वीण नेमकी पावसाळ्याच्या याच महिन्यांत असते. घरटं म्हणजे गवतातला नुसता खळगा. अंड्यांवर बसलेली मादी अगदी पाय पडेपर्यंत हलत नाही. तुम्हाला ती सोपी वाटते ती त्यामुळंच! ती उचलली की मागं अंडी गारठून जातात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं फासे लावणं आणि अंडी उचलणं, दोन्ही गुन्हा आहे. कुठं फासे दिसले तर वनखात्याला १९२६ वर कळवा.

आम्ही बांधावरचं गवत पोळा होईपर्यंत कापत नाही. सोयाबीनची कोळपणी करताना घरटं दिसलं, तर तेवढी जागा सोडून औत पुढं काढतो. चार हात रान वाया जातं, जाऊ द्या. सांजच्याला तुरीतून तितराचा आवाज आला की फार बरं वाटतं.