वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यातून दूध बाहेर जाऊ लागले ते केव्हा आणि कशामुळे?

प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील पशुपालनाविषयी जुन्या माणसांच्या आठवणी मी टिपून घेत आहे. ऐंशी ओलांडलेल्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी गोठ्यात दोन-तीन म्हशी असत, परंतु दूध विकायला जात नसे. त्यांच्याच सुना मात्र पहाटे किटली घेऊन संस्थेच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. एका पिढीत एवढा पालट कसा झाला? तो केवळ सहकारी दूध संघांमुळे झाला, की त्याची सुरुवात आधीच झाली होती?

पहिला प्रतिसाद

दूध विकले जात नसे हे खरे, पण लोणी आणि तूप जातच होते. उन्हाळ्यात दूध काही तासांत नासते आणि तूप महिनोन्महिने टिकते; बाजार बैलगाडीच्या अंतरावर असल्यामुळे शेतकऱ्याला दुधाचा पैसा दिसे तो तुपातच, आणि म्हणून दाट दुधाची म्हैस त्याला जवळची वाटे. खिलार गाय पाळली जाई ती शेतीच्या बैलांसाठी, आणि तिचे दूध बहुतेक वासराच्याच पोटात जाई. लोणी काढल्यावर उरलेले ताक विकण्याची वस्तू नव्हतीच. शेजारीपाजारी ते मागून नेत. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण ज्या समाजात रुजली तेथे ताक मागायला जाणे हा रोजचा व्यवहार असला पाहिजे, आणि मला ती म्हण त्या काळाच्या एखाद्या दप्तराइतकी भरवशाची वाटते.

दूध दूध म्हणूनच विकण्याचा व्यवसाय सहकारी संघांच्या आधीचा आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात भिलवडीला चितळे डेअरी १९३९ मध्ये सुरू झाली; भिलवडी पुणे-मिरज लोहमार्गावर आहे, हा मला योगायोग वाटत नाही. मुंबईने मात्र दीर्घकाळ दुधाऐवजी म्हैसच नेली. व्यायलेली म्हैस तबेल्यात जाई आणि आटली की बहुतेक वेळा कसायाकडे जाई, त्यामुळे खेड्यांतली उत्तम जनावरे शहरात संपत. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली ती हे तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी.

दुसरा प्रतिसाद

मी एका गावातील दूध संस्थेचा बरीच वर्षे सचिव होतो. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ चा; वारणेचा दूध संघ तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये झाला; आणि देशभर दूध सहकार पसरवणारी दुग्धमहापूर योजना (ऑपरेशन फ्लड) १९७० मध्ये सुरू झाली. म्हणजे येथील संघ त्या योजनेच्या आधीच उभे होते. मात्र संघ नोंदवला म्हणून कोणी दूध आणून ओतत नाही, त्यासाठी मापावर विश्वास बसावा लागतो. पूर्वी नुसत्या मापाने दूध घेतले जाई, तेव्हा पाणी घालणारा आणि निर्भेळ दूध देणारा दोघांनाही एकच दर मिळे.

फॅट काढण्याची, म्हणजे दुधातील स्निग्धांश मोजण्याची, पद्धत आली आणि हा अन्याय थांबला. ब्युटिरोमीटर या काचेच्या नळीत आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिलिलिटर दूध आणि मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घालायचे. बूच घट्ट बसवून हलवले की नळी चटका बसेल इतकी तापते, म्हणून ती फडक्यात धरावी लागे. अ‍ॅसिडच्या थेंबांनी माझ्या कितीतरी सदऱ्यांना भोके पडली. यंत्रात गरगर फिरवून काढली की स्निग्धांशाचा पिवळसर थर नळीच्या मानेत रेषांवर उभा राहतो. अक्षरओळख नसलेल्या बायाही त्या रेषा मोजायला शिकल्या होत्या, आणि सहाच्या खाली आकडा दिसला की नळी पुन्हा उजेडात धरायला लावत. त्यांचा तो अधिकार मला मोलाचा वाटे.

उसाचाही वाटा मोठा आहे. बागायत वाढली तशी तोडणीच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक मिळू लागले, बांधावर हिरवी वैरण आली, आणि जमीन नसलेल्या घरालाही एखादी म्हैस सांभाळणे शक्य झाले. उसाचे बिल वर्षातून कधीतरी हाती पडे, दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी मिळे.

तिसरा प्रतिसाद

सचिवांचे म्हणणे मला पटते, पण त्यात शेण काढणारे हात दिसत नाहीत. वैरण कापणे, धार काढणे, संस्थेत दूध घालणे ही कामे घरच्या बायकांची, आणि माझ्या माहेरी संस्थेचे पुस्तक मात्र वडिलांच्या नावावर होते. आठवणी टिपताना पगार प्रत्यक्ष कोणाच्या हाती येई, हे अवश्य विचारावे.

दुसरी नोंद जनावरांच्या जातीविषयी. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफ या पशुविकास संस्थेची स्थापना केली, आणि कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रांमुळे होल्स्टीन व जर्सी संकराच्या गाई राज्यात सर्वदूर पोहोचल्या. त्यांनी दूध भरपूर दिले, पण ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरज घटली आणि गोऱ्हा घराला नकोसा झाला. कोल्हापूरने मात्र म्हैस सोडली नाही. लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस शहरातल्या कट्ट्यावर उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची रीत याच भागातली.

आणि आजींना एक आणखी विचारा: शेजारी ताक मागायला येणे कधी थांबले? सगळे दूध किटलीतून संस्थेत जाऊ लागले की घरात घुसळण उरत नाही. स्थापनेची साले दप्तरात मिळतील, पण तुमच्या त्या गावात दूधधंदा खऱ्या अर्थाने कधी रुजला, ते या उत्तरातूनच कळेल.