अनुभव धागा: वाचनालयाचं पुस्तक, घरची तबकडी

ऊनपाऊस: वाचनालयातून आणलेलं पुस्तक आणि घरची एलपी (लाँग-प्ले तबकडी) यांची जोडी जमवायचा नाद आणखी कुणाला आहे का? रेकॉर्ड प्लेअर आल्यापासून माझं वाचन तबकडीच्या बाजूंवर चालतं. एक बाजू साधारण वीस मिनिटांची. ती संपली की उठावंच लागतं, आणि तेवढ्यात वाचलेलं जरा मुरतं. फोनवर गाणी अखंड वाजत राहतात, तिथे ही सोय नाही.

माझी लाडकी जोडी: 'बनगरवाडी' आणि १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत. इकडे माडगूळकरांचे माणदेशी धनगर. सुरुवातीला दोन्ही कसं छान जुळतं! मग पुस्तकात दुष्काळ पडतो, गाव उठून जातं आणि संतूर मात्र आपलं झुळझुळतच असतं. मला तो विसंवादच आवडतो. शेवटची पानं तेवढी प्लेअर बंद करून वाचते.

तुमच्या जोड्या येऊ द्या. अट एकच, पुस्तक वाचनालयाचं हवं. परत करायची तारीख डोक्यावर असली की जोडी चटकन ठरते.

लाखेची चकती (पुणे): गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग'. ज्यांच्या गाण्याबद्दल टेंबे भरभरून लिहितात त्या अल्लादिया खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रणच नाही. मग लावायचं काय? मी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या लावतो. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडायचा, तरी बाईंना घाई म्हणून नाही. आधी टेंबे वाचायचे, मग एक बाजू ऐकायची, मग पुन्हा तेच पान. मुदत वाढवून घेतो, ग्रंथपाल आता कारण विचारत नाहीत.

एक सांगून ठेवतो: ७८ ची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्यावर लावू नका, सुई वेगळी घ्या.

मांडवीकाठ: केसरबाई आमच्या केरीच्या हो! त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. मिनिटाला १६⅔ फेरे, म्हणजे एलपीच्या निम्मा वेग. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून ग्रहताऱ्यांचं पुस्तक आणलं की मी तीच भैरवी लावते. मुलाला वाटतं आई जरा जास्तच करते.

दुसरा मजला: माझ्या डोक्यात शब्दांचं गाणं आणि वाचन एकत्र नांदत नाही. 'युगान्त' हातात घेऊन गीतरामायण लावलं होतं. गदिमांचा एक शब्द सोडवेना आणि इरावतीबाई मांडीवर उघड्याच्या उघड्या. वाद्यसंगीत लावा, नाहीतर गप्प वाचा.

एडिसनकर: दुसरा मजला, इंग्रजी शब्द मला चालतात, निम्मे कळतच नाहीत! आमच्या इथल्या वाचनालयात कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' मिळाली. कोलटकरांना ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचं, वेड होतं, म्हणून सोबत रॉबर्ट जॉन्सनची १९६१ ची एलपी लावली. एक गाणं, एक कविता. जॉन्सनची गाणी मुळात १९३६-३७ मध्ये ७८ साठी ध्वनिमुद्रित झालेली, त्यामुळे तीन मिनिटांच्या आतबाहेर संपतात. देवळातल्या मोडक्या दाराची कविता आणि ती खरखरती गिटार, काय सांगू! बायको म्हणाली, येळकोट राहू दे, जेवायला चल.

ऊनपाऊस: दुसरा मजला, गीतरामायणाबद्दल मान्य. ते लावून वाचणाऱ्याचं धाडसच म्हणायचं. लाखेची चकती, ७८ च्या तबकड्या कुठे मिळतात तुम्हाला?

लाखेची चकती: जुन्या बाजारात. भिंग घेऊन जा, आणि वजनाने देतो म्हणाला तर भाव करत बसू नका.